सहा गुण कमी

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, थंडगार शेडमध्ये
सत्तावीस वर्षं मी हॅडॉक सोलले.
कातडं एका ओढीत निघायचं.
माशाला कळतसुद्धा नाही, असं लिनेट म्हणायची,
जशी काही माशालाच विचारून आली होती.
आधी बोटं बधिर झाली, मग वाकडी,
मग पाठीने राजीनामा दिला,
माझ्या आधी.

तपासणीला होती ती बाई वाईट नव्हती.
गळ्यात पट्टा, पट्ट्यावर फोटो,
फोटोत ती हसत होती.
रिकामं खोकं उचलता येतं?
येतं.
अर्धा लिटर दूध?
कुठल्या दिवशी, मी विचारलं.
तिच्या पडद्यावर दिवसांचा रकाना नव्हता.
कोटाच्या वरच्या खिशात काही ठेवायचं असेल
तर तेवढा हात वर जातो?
नेऊन दाखवला. कोटाला वरचा खिसा नव्हता,
खिशात ठेवण्यासारखंही काही नव्हतं.
इथवर कशा आलात?
बसने.
म्हणजे बसता येतं, तिने टाइप केलं.

तपकिरी पाकीट तीन आठवड्यांनी.
पंधरा गुण लागतात. मला नऊ.

आई म्हणायची, थेल्मात एक गुण असेल तर शपथ.
डॉक्टर म्हणतात, गोळ्यांचा गुण येईल, जरा धीर धरा.
सरकारने एकदाचे मोजून दिले.
सहा कमी पडले
म्हणून मी धडधाकट.

मग जॉब सेंटर. टेबल क्रमांक चार, किअरन ऑस्गर्बी,
माझ्या धाकट्याच्या वर्गात होता,
एकदा आमच्याकडे टोस्ट खाऊन गेलेला.
त्याने ओळख दाखवली नाही, मीही नाही.
आठवड्याला पस्तीस तास काम शोधायचं, वहीत लिहायचं.
संगणकाने पहिलीच नोकरी काढली:
मासे सोलणे, रात्रपाळी.
तीच शेड. तोच फोन नंबर.
किअरनने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे,
मग पुन्हा पडद्याकडे, जास्त वेळ.

तुम्ही कामाला तयार आहात, असं लिहू ना?
हो म्हटलं तर खोटं,
नाही म्हटलं तर बेकारभत्ता बंद.
मी डॉक्टरची चिठ्ठी पुढे सरकवली.
तो हळू आवाजात म्हणाला, मिसेस कट्स,
ही चिठ्ठी मला दाखवू नका.
ही दाखवलीत तर तुम्ही आजारी.
आजाऱ्यांचं इथे नसतं.

जिथे असतं तिथे फोन लावला.
चाळीस मिनिटं व्हायोलिन.
मग एक मुलगी, तुमचं बोलणं नोंदलं जातंय म्हणाली,
आणि आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही बऱ्या आहात.

तळ्यात. मळ्यात. तळ्यात.
पोरं खेळतात तेव्हा चुकणारा बाद होतो, घरी जातो.
मी न चुकता उडी मारते
आणि उडी मारता येते, याचीच कुठेतरी नोंद होते.

अपिलाचा फॉर्म स्वयंपाकघरात पडून आहे.
तुमचा नेहमीचा दिवस कसा जातो, सविस्तर लिहा.
चांगल्या अक्षरात लिहिलं तर हात चालतात म्हणतील,
वाकड्यात लिहिलं तर मुद्दाम.
शेजारचा आल्फ म्हणाला, आण, मी लिहून देतो.
त्याला काय सांगणार?
सकाळी मोजे घालायचे सोडून दिलेत, हे?
मार्चपासून?
बुधवारी मीटरमध्ये चार पौंड होते,
आता किती आहेत ते पाहायला वाकावं लागतं.

शेवटी मीच बसले. एक ओळ झाली.
दुसरीच्या मध्यात पेन पडलं,
टेबलाखाली, भिंतीपर्यंत गेलं.
राहू दे म्हटलं, लिनेट गुरुवारी येते.

चहा ठेवला.
किटली मी अर्धीच भरते, पूर्ण उचलत नाही.
हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं
ते शोधतेय.